साखरेवर कर की बुडबुड्यांवर?
गोड पेयांवरील करनीतीचा एका वैद्याने केलेला विचार

मागील उन्हाळ्यात एक माता आपल्या बारा वर्षांच्या मुलास घेऊन माझ्या चिकित्सालयात आली. मुलाचे वजन ६१ किलो, मानेची व काखेची त्वचा काळवंडलेली, अंगात आळस, वारंवार तहान. आजोबा आणि मामा दोघेही मधुमेही. आहाराची विचारपूस सुरू करताच त्या काहीशा अभिमानाने म्हणाल्या, "डॉक्टर, कोल्ड्रिंक आमच्या घरात येतच नाही. शाळेतून आला की फक्त आंब्याचा ज्यूस देते. त्यात गॅस नसतो ना!"

त्यांच्या पिशवीत त्याच पेयाची ६०० मिलिलिटरची बाटली होती. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचली. दर १०० मिलिलिटरमागे साखर १३ ग्रॅम. म्हणजे पूर्ण बाटलीत ७८ ग्रॅम, पंधरा चमच्यांहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार अशी वरून मिळणारी साखर रोजच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांहून कमी. प्रौढ माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. हा मुलगा त्याच्या तिप्पट साखर केवळ एका बाटलीतून घेत होता.

त्या मातेची समजूत चुकीची होती हे खरे. परंतु घरी आल्यावर जीएसटीचे दर चाळताना माझ्या लक्षात आले की आपल्या देशाची करव्यवस्थाही नेमके तेच समजून चालते. गॅस असलेले पेय वाईट, गॅस नसलेले बरे. प्रस्तुत लेखाचे निमित्त हेच आहे. गोड पेयांवरील कर इतर देशांत कसे आखले गेले, कसे राबवले गेले आणि त्यातून आपण वैद्यांनी व औषधी विक्रेत्यांनी काय घ्यावे, याचा थोडा तपशिलात विचार करू.

वैद्याने कराचा विचार का करावा?

कर हा अर्थमंत्र्यांचा विषय, त्यात वैद्याने कशाला पडावे, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. पण निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले पाऊल आपणच मानतो. सुश्रुताचार्यांनी प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केले. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंत बैठे सुख, अतिनिद्रा, दही, नवे धान्य यांच्याबरोबरच गुडवैकृत, म्हणजे गुळाचे नाना प्रकार, स्पष्टपणे गणले. आजची बाटलीबंद गोड पेये ही त्या गुडवैकृतांचीच यंत्रयुगातील आवृत्ती होय.

हेतू एका घरातील असेल तर वैद्याचे पथ्यपत्रक पुरते. तोच हेतू शाळेच्या फाटकाबाहेर, बसस्थानकावर, किराणा दुकानात दहा रुपयांना मिळू लागला की पथ्यपत्रक अपुरे पडते. जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात चरकाचार्यांनी वायू, जल, देश आणि काल या सर्वांना समान असणाऱ्या भावांच्या बिघाडाचा विचार केला आहे, आणि त्या बिघाडाचे मूळ शोधताना राज्यकर्त्यांच्या आचरणापर्यंत ते पोहोचले आहेत. समान हेतूवर समान उपाय हवा, हे तत्त्व आपल्याला परके नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हे आकडे एकेका चिकित्सालयात बसून हाताळता येण्याजोगे नाहीत.

मेक्सिको : कर कसा घडला

गोड पेयांवर कर लावणारे देश अनेक आहेत. पण असा कर राजकारणातून कसा जन्माला येतो हे समजून घ्यायचे असेल तर मेक्सिकोकडे पाहावे. हा देश शीतपेयांच्या सेवनात जगात अग्रभागी होता. २०१२ च्या तेथील राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीत दहापैकी सात प्रौढ अतिवजनाचे किंवा स्थूल आढळले. अनेक गावांत पिण्याच्या शुद्ध पाण्याची खात्री नव्हती, शीतपेयाची बाटली मात्र सर्वत्र होती.

कराची मागणी प्रथम सरकारने केली नाही. कुएर्नावाका येथील राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी पुरावा जमवला, ग्राहक संघटनांनी तो लोकांपर्यंत नेला आणि न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या धर्मादाय संस्थेने या मोहिमेस अर्थसाहाय्य दिले. डिसेंबर २०१२ मध्ये सिनेटर मार्सेला तोरेस पेइम्बर्त यांनी प्रति लिटर २ पेसो, म्हणजे किमतीच्या सुमारे २० टक्के कर सुचवणारे विधेयक मांडले. मेक्सिको सिटीच्या भुयारी रेल्वे स्थानकांत मोठे फलक लागले. एका बाटलीत बारा चमचे साखर असते, इतकी साखर तुम्ही चमच्याने खाल का, असा त्यांचा आशय होता. तक्ते व टक्केवारी यांनी जे साधत नाही ते चमच्यांच्या हिशेबाने साधले, असे अभ्यासक मानतात.

योगायोगाने त्याच काळात नव्याने सत्तेवर आलेले राष्ट्राध्यक्ष एन्रिके पेन्या निएतो यांच्या सरकारला महसुलाची निकड होती. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांनी करसुधारणांच्या गठ्ठ्यात हा कर घातला, पण २ ऐवजी १ पेसो दराने. पेय उद्योगाने वृत्तपत्रांतून जोरदार विरोध केला. रोजगार जातील, गरिबांवर भार पडेल, माणसाने काय प्यावे हे सरकारने ठरवू नये, असे त्यांचे युक्तिवाद होते. ऊस उत्पादकांनीही विरोध केला. मेक्सिको हा उसाचा देश आहे, हे आपण महाराष्ट्रातील वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे. तरीही ऑक्टोबर २०१३ मध्ये संसदेने मान्यता दिली आणि १ जानेवारी २०१४ पासून कर लागू झाला. सोबत अधिक उष्मांकांच्या, अनावश्यक अशा खाद्यपदार्थांवर ८ टक्के कर लागला.

कराच्या अंमलबजावणीत तीन गोष्टी शहाणपणाच्या होत्या. पहिली, तो दुकानदाराकडून न घेता उत्पादक व आयातदार यांच्याकडून घेतला गेला. लाखो दुकाने तपासण्यापेक्षा मोजके कारखाने तपासणे सोपे. दुसरी, तो किमतीवर न लावता लिटरवर लावला. किमतीवरील करात स्वस्त आणि मोठी बाटली घेणाऱ्यास लिटरमागे कमी कर पडतो, लिटरवरील करात ही पळवाट राहत नाही. तिसरी, महागाई साचत गेली की दर वाढवण्याची तरतूद कायद्यातच होती, अन्यथा चलनवाढीने असा कर काही वर्षांत आपोआप बोथट होतो.

परिणाम काय झाला? २०१४ मध्ये करपात्र पेयांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली आणि वर्षअखेरीस ही घट १२ टक्क्यांवर पोहोचली. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांत वर्षअखेरची घट १७ टक्के होती. दुसऱ्या वर्षी, २०१५ मध्ये, सर्वसाधारण घट सुमारे १० टक्क्यांपर्यंत गेली. त्याच काळात पाण्याची खरेदी वाढली. गरिबांवर भार पडतो हा आक्षेप येथे तपासून पाहण्याजोगा आहे. भार त्यांच्यावर पडला, पण पेय सोडण्याचे प्रमाणही त्यांच्यातच अधिक होते; आणि मधुमेहाच्या उपद्रवांचा, पाय कापण्याचा, वृक्काच्या विकारांचा खर्च गरीब घरालाच सर्वाधिक मोडून टाकतो.

सर्व काही सुरळीत झाले असे मात्र नाही. शाळांतून पिण्याच्या पाण्याची सोय व्हावी ही मागणी करासोबतच मांडली गेली होती, पण ते काम रेंगाळले. ऑक्टोबर २०१५ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने कमी साखरेच्या पेयांवरील कर निम्मा करण्याचा ठराव संमत केला. वरिष्ठ सभागृहाने तो फेटाळला. तोवर पहिल्या वर्षाच्या खरेदीचे आकडे हाती आले होते, त्यामुळे कराच्या समर्थकांची बाजू भक्कम झाली होती. उपचार सुरू केल्यावर रुग्णाची नोंद ठेवावी, ती पुढे उपयोगी पडते, हा आपला अनुभव येथेही लागू पडतो. मेक्सिकोने २०२६ पासून हा दर प्रति लिटर ३ पेसोंच्या थोडा वर नेला असून कृत्रिम गोडीच्या पेयांनाही प्रति लिटर दीड पेसो कर लावला आहे.

ब्रिटन : मात्रेनुसार कर

मेक्सिकोच्या करात एक उणीव होती. लिटरमागे कर सारखाच, मग पेयात साखर ५ ग्रॅम असो वा १२. उत्पादकास साखर कमी करण्याचे कारणच नव्हते. ब्रिटनने येथे वेगळा मार्ग धरला.

मार्च २०१६ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी कराची घोषणा केली, पण तो प्रत्यक्ष लागू झाला ६ एप्रिल २०१८ रोजी. मधली दोन वर्षे उत्पादकांना पाककृती बदलण्यासाठी मुद्दाम दिली होती. दर १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमहून कमी साखर असल्यास कर नाही. ५ ते ८ ग्रॅम असल्यास तेव्हा लिटरमागे १८ पेन्स. ८ ग्रॅम वा अधिक असल्यास तेव्हा २४ पेन्स. वर साखर न घातलेला फळांचा रस आणि दुधाची पेये वगळली. वर्षाला दहा लाख लिटरहून कमी उत्पादन करणाऱ्या छोट्या उत्पादकांस सूट दिली. पाणी मिसळून प्यायच्या पाकाचा हिशेब बाटलीवरील सूचनेप्रमाणे पाणी मिसळल्यावर उरणाऱ्या साखरेवर केला.

अनेक उत्पादकांनी कर भरण्याऐवजी साखर कमी केली. २०१५ ते २०१९ या काळात करपात्र पेयांतील साखरेचे सरासरी प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी घटले. पहिल्या वर्षी ५२ कोटी पौंड महसूल मिळेल असा मूळ अंदाज होता. तो पुढे निम्म्याहून खाली आणावा लागला. एरवी अर्थमंत्र्यास याचे दुःख व्हावे, पण येथे महसूल घटणे हेच यशाचे लक्षण होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या एका अभ्यासात १० ते ११ वर्षांच्या मुलींतील स्थौल्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ८ टक्क्यांनी कमी आढळले. त्या वयाच्या मुलग्यांत तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. काढलेल्या साखरेची जागा बऱ्याच पेयांत कृत्रिम गोडीने घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडीचा वापर करू नये, असा सल्ला दिला आहे. जिभेची गोडाची ओढ तशीच ठेवून केवळ द्रव्य बदलणे हे आपल्या दृष्टीनेही अर्धेच पथ्य आहे.

उपाय कोठे फसला

सर्वत्र यश आले असे नाही. अमेरिकेतील शिकागो ज्या कुक परगण्यात येते तेथे ऑगस्ट २०१७ मध्ये असा कर सुरू झाला आणि १ डिसेंबर २०१७ रोजी संपलासुद्धा. तुटीचा अर्थसंकल्प भरून काढणे हा त्याचा उघड हेतू होता. साखर नसलेली पेयेही त्यात ओढली गेली आणि ग्राहकाला तो प्रत्येक पावतीवर वेगळा दिसू लागला. आरोग्याचे नाव आणि तिजोरीचे काम, असा लोकांचा ग्रह झाला. डेन्मार्कने आपला जुना शीतपेय कर जानेवारी २०१४ मध्ये रद्द केला, कारण लोक सीमा ओलांडून जर्मनीतून स्वस्त पेये आणत होते.

दोन्हींतून बोध एकच. कराचा हेतू लोकांना पटलेला असावा आणि त्याचे क्षेत्र इतके लहान नसावे की शेजारच्या दुकानात जाऊन तो चुकवता येईल.

आपल्या देशातील स्थिती

आता आपल्याकडे वळू. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा साखर वा अन्य गोडी घातलेल्या गॅसयुक्त पेयांवर २८ टक्के कर व १२ टक्के उपकर, असा एकूण ४० टक्के भार लागला. २०२१ मध्ये गॅसयुक्त फळपेयेही त्याच वर्गात गेली. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने दरांची फेररचना केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन अशा पेयांवर सरळ ४० टक्के दर लागू झाला. आकडा पाहिला तर तो जगातील चढ्या करांपैकी एक वाटेल.

पण त्याच बैठकीत गॅस नसलेल्या फळपेयांवरील दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दुधाच्या तयार पेयांचेही तसेच झाले. परिणाम असा की १०० मिलिलिटरमध्ये १३ ग्रॅम साखर असलेले आंब्याचे पेय ५ टक्क्यांत, ११ ग्रॅम साखरेचा कोला ४० टक्क्यांत, आणि साखरच नसलेला कोलाही ४० टक्क्यांत. मग कोलाच्या उत्पादकाने साखर का कमी करावी? आणि आंब्याच्या पेयाच्या उत्पादकाने तरी का करावी? हा कर साखरेच्या मात्रेवर नसून बुडबुड्यांवर आहे. माझ्या रुग्णाच्या मातेने जे अज्ञानाने केले, ते दरपत्रकाने अधिकृत केले.

शिवाय हा कर किमतीवर आहे. दहा रुपयांच्या छोट्या बाटल्यांची स्पर्धा सुरू झाली की किंमत उतरते आणि कराची धारही तिच्याबरोबर उतरते.

हे बदलायचे कोणी? केरळने २०१६ मध्ये पिझ्झा, बर्गर यांसारख्या पदार्थांवर १४.५ टक्के कर लावून पाहिला होता. जीएसटी आल्यावर तो त्यात विरून गेला. आता असा निर्णय परिषदेतच होतो. तेथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश. निर्णयास तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे राज्यांना वगळून काही होत नाही. महाराष्ट्र हे साखरेचे राज्य असल्याने येथील प्रतिनिधीस ऊस उत्पादकाची आठवण राहणारच, आणि ती राहावीही. परंतु ग्रॅमनुसार श्रेणी लावणारा कर उसाच्या शेतावर बसत नाही, तो बाटलीतील जादा साखरेवर बसतो, हे समजावून सांगणारे कोणीतरी हवे. मेक्सिकोत ते काम संशोधकांनी व ग्राहकांनी केले. येथे वैद्यांच्या संघटनेने त्यात वाटा उचलण्यास हरकत नसावी.

आपल्या फळीवरील बाटल्या

येथवरचे विवेचन वाचकांना रुचेल. यापुढील कदाचित रुचणार नाही, तरी लिहितो.

आपल्यापैकी अनेकांच्या औषधी दुकानात आवळा, कोकम, वाळा, बेल यांची सरबते असतात. माझ्याही होती. उन्हाळ्यात आसवारिष्टांपेक्षा त्यांचाच खप अधिक. त्या मुलाच्या प्रसंगानंतर मी आमच्या फळीवरील बाटल्या उलटून पाहिल्या. एका आवळा सरबताच्या पाकात दर १०० मिलिलिटरमागे साठ ग्रॅमहून अधिक साखर होती. एकास चार पाणी घातले तरी पेल्यात दर १०० मिलिलिटरमागे १२ ग्रॅमहून अधिक उरते. ब्रिटनमध्ये हे सरबत सर्वांत वरच्या श्रेणीत गेले असते. वर हिरवे पान छापले आहे आणि ते वैद्याच्या दुकानातून घेतले आहे, म्हणून ग्राहक निश्चिंतपणे पितो. त्या मातेची गॅसविषयीची समजूत आणि आपल्या ग्राहकाची वनस्पतीविषयीची समजूत यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आसवारिष्टे, अवलेह यांत गूळ वा साखर असतेच, मग त्यांवरही कर मागायचा काय, असे कोणी विचारील. उत्तर मात्रेत आहे. अरिष्ट १५ ते ३० मिलिलिटर घेतले जाते, वैद्याच्या सांगण्यावरून आणि ठरावीक काळ. सरबत पेला भरून, तहान लागली म्हणून, घरातील सर्वांनी प्यायचे असते. पहिले औषध, दुसरे पेय. औषध परवान्यावर तयार होणारे औषध वगळावे आणि अन्न परवान्यावर विकले जाणारे प्रत्येक गोड पेय साखरेच्या ग्रॅमनुसार मोजावे, ही रेषा स्पष्ट व न्याय्य आहे. शर्करा हे द्रव्य विष आहे असे आपले शास्त्र म्हणत नाही. उन्हात दमून आलेल्यास पानक देण्याचा विधी आपल्याकडे आहेच. पण रोज, सर्वांना, बैठ्या मुलांना, बाटलीभर देण्याचा विधी कोठेही नाही.

म्हणून माझी विनंती अशी. संघटनेने शासनाकडे व परिषदेकडे निवेदन द्यावे की पेयांवरील कर गॅस पाहून न लावता दर १०० मिलिलिटरमधील साखर पाहून श्रेणीने लावावा, उत्पादकांस बदलासाठी मुदत द्यावी, आणि त्या उत्पन्नातून शाळांत पिण्याच्या शुद्ध पाण्याची सोय करावी. मात्र त्याच निवेदनात आयुर्वेदीय सरबतांना सवलत मागू नये. आपल्या मालाला वगळून इतरांवर कर मागणारी संघटना आणि १ पेसोला विरोध करणारा उद्योग यांच्यात जनतेला भेद दिसणार नाही.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. मी माझ्या दुकानातील प्रत्येक सरबतासमोर एक पुठ्ठा लावला आहे. एका पेल्यात किती चमचे साखर, एवढेच त्यावर लिहिले आहे. सरबतांचा खप घटला, हे मान्य करतो. ती घट काही अंशी बिनसाखरेच्या कोकम आगळाने आणि धने-जिऱ्याच्या पाण्याची चौकशी करणाऱ्यांनी भरून काढली, पूर्णपणे नाही.

तो मुलगा आता महिन्यातून एकदा येतो. आंब्याचा ज्यूस बंद झाला आहे. सायंकाळी मैदानावर जातो. आठ महिन्यांत वजन चार किलोने उतरले, उंचीही वाढली. मात्र मागच्या भेटीत त्याच्या मातेने विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. "डॉक्टर, इतकं वाईट होतं तर त्यावरचा टॅक्स कमी कसा झाला?"

हा प्रश्न आपण सर्वांनी मिळून योग्य ठिकाणी विचारावा, एवढीच अपेक्षा.